किकवीतला मुका लॅपटॉप

किकवीत हायवेच्या कडेला जी वस्ती आहे, तिच्या शेवटच्या ओळीत कमळाबाई ओव्हाळांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलावर जुना काळा लॅपटॉप आणि त्याच्यासमोर सकाळपासून बसलेली त्यांची लेक गायत्री. संध्याकाळ झाली तरी त्या खोलीत दिवा लागायचा नाही. अंधारातून नुसता एक नाकातला, सपाट आवाज भराभरा काहीतरी वाचत असायचा. नवीन माणूस दारात थबकायचा. गावाला सवय झाली होती.

गायत्रीचे डोळे एकदम गेले नाहीत. शाळेत असताना संध्याकाळी एसटीतून उतरलं की तिला वाट दिसेनाशी व्हायची. घरच्यांना वाटलं पोरगी धांदरट आहे. मग पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा आतून वाळत चाललाय, याला औषध नाही. भोरला बारावीपर्यंत ती शिकली ती आधी पहिल्या बाकावर बसून, मग फळ्याला नाक लावून, शेवटी मैत्रिणीच्या तोंडून. पुढं उरलासुरला उजेडही गेला. वडील आधीच वारले होते. कमळाबाई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. दुपारी परत यायच्या तेव्हा लेक सकाळी जिथं बसवली तिथंच बसलेली असायची. अशी बरीच वर्षं गेली.

मग पुण्यात एका संस्थेनं अंध मुलामुलींसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढला आणि गायत्री तिथं राहायला गेली. शिकवणारे जगन सर हौशी माणूस. कंपन्यांनी भंगारात काढलेले लॅपटॉप ते मागून आणायचे, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालायचे, कारण ते फुकट असतं आणि जुन्या यंत्रावरही चालतं. त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायचे. वर्ग संपला तेव्हा तसा एक लॅपटॉप गायत्रीला मिळाला. कमळाबाईंनी त्या आवाजाचं नाव बुवा ठेवलं.

"काय म्हनतोय तुझा बुवा?" घरात शिरताना त्या विचारायच्या.

"आज लई बोलतोय," गायत्री म्हणायची.

तिला कामही मिळालं. पुण्यात शेफाली नावाची एक बाई आणि तिचे काही सोबती वेल्हे भागातल्या धरणग्रस्त गावांमध्ये हिंडून म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करत होते. त्यांना त्याचं पुस्तक करायचं होतं. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर यायचं, गायत्री ऐकून टाइप करायची. शहरातल्या टायपिस्टांना जे शब्द दोनदा ऐकूनही कळायचे नाहीत, ते ती सहज लिहायची, कारण तिच्या घरातच ते बोलले जायचे. गुंजवणे गावच्या ठकुबाईंचं बोलणं तिच्या वाट्याला आलं. गुंजवणी धरणाच्या पाण्यात ठकुबाईंची भाताची खाचरं गेली होती. म्हातारी दम लागत, खोकत, मधेच गप्प होत बोलली होती. एकाही खाचराला ती नुसतं खाचर म्हणायची नाही, नाव घेऊन बोलायची, 'ताईचं', 'वरलं', 'नवरीचं'. गायत्रीला ते बोलणं इतकं आवडलं, की ती त्यातला एक खोकलासुद्धा सोडायला तयार नव्हती.

अडचण एवढीच, की लॅपटॉपवरच्या साध्या प्लेअरमध्ये आवाज संथ करता येत नव्हता. ठकुबाई भरभर बोलायला लागल्या की शब्द निसटायचे. शेफालीनं एका चांगल्या प्लेअरचं नाव सांगितलं. "डाउनलोड कर, दोन मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली.

गायत्रीनं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअरचं दुकान उघडलं. प्लेअरचं नाव टाइप केलं. बुवानं एकच नाव तीनदा वाचलं. तिन्हींमध्ये फरक काय ते काही सांगितलं नाही. पुढं गेली तर तो नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत राहिला. कशाचं बटण ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं पहिलं दाबलं. बऱ्याच वेळानं प्लेअर आला, उघडला, पण त्याला पेनड्राइव्हच दिसेना. जुन्या प्लेअरला दिसत होता, याला नाही.

जगन सर आता हैदराबादला नोकरीला होते. तिनं फोन लावला.

"अगं, तो प्रकार डब्यात बंद असतो," सर म्हणाले. "सुरक्षित राहावा म्हणून त्याला बाहेरचं काही बघू देत नाहीत. परवानगी वेगळी द्यावी लागते."

"मला त्यानं विचारलंच नाही, सर."

"विचारत नाही ते. तो काढून दुसरा टाक."

दुसरा टाकला, तो जुना निघाला, त्यात संथ करायची सोयच नव्हती. तिसरा अर्ध्यात अडकला. मग तिनं इंटरनेटवर शोधलं. एका पानावर लिहिलं होतं, या चार ओळी टर्मिनलमध्ये टाका, म्हणजे नवा प्लेअर बाहेरच्या ठिकाणाहून थेट येईल. टर्मिनल म्हणजे लॅपटॉपला लिहून हुकूम सोडायची काळी पाटी. सरांनी ती शिकवली होती. तिनं ओळी टाकल्या. बुवा नावांची लांबच लांब यादी वाचायला लागला. सगळी इंग्रजी नावं, तीही मराठी उच्चारानं, एकाला एक चिकटून. 'लिब' अमुक, 'लिब' तमुक. काही येणार होती, काही जाणार होती. कुठून येणारी संपली आणि जाणारी सुरू झाली, ते कानाला कळलं नाही. शेवटी प्रश्न आला, पुढं जायचं का? वाय की एन?

गायत्रीनं वाय दाबलं. प्लेअर आला. पेनड्राइव्ह दिसला. ठकुबाई संथ झाल्या. त्या दिवशी तिनं त्यांचं जवळजवळ सगळं बोलणं लिहून काढलं, आणि शेवटचं थोडं उद्या करू म्हणून लॅपटॉप बंद केला.

सकाळी उघडला तर बुवा बोलेना.

पंख्याची घरघर येत होती, बोटाखाली यंत्र कोमट होत होतं. आवाजाची बटणं दाबून झाली, हेडफोन लावून झाला, बंद करून पुन्हा उघडून झालं. काहीच नाही. गायत्री तिथंच बसून राहिली. दुपारी कमळाबाई शाळेतून आल्या, दारातच थांबल्या.

"बुवा गप का गं?"

गायत्रीनं पुन्हा एकदा बटण दाबून दाखवलं.

शेजारच्या एकाला बोलावलं. तो शिरवळला कंपनीत जाणारा, शिकलेला. त्यानं पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काय नाय, इंग्लिशमध्ये कायतरी आलंय. एरर आहे."

"काय लिहिलंय ते वाच ना."

"तेच, एरर. अपडेट-बिपडेट म्हणतंय."

असं नेहमीच व्हायचं. डोळस माणूस वाचत नाही, सारांश सांगतो. त्याच्या दृष्टीनं ते एक कटकटीचं वाक्य असतं. गायत्रीला त्यातलं अक्षर न् अक्षर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कमळाबाईंनी शाळेतून सुट्टी काढली आणि दोघी एसटीनं भोरला गेल्या. तिथं सोमनाथचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सोमनाथ मनानं चांगला. त्यानं इतर कामं बाजूला ठेवून लॅपटॉप हातात घेतला, बराच वेळ खटखट केली.

"ताई, हे लिनक्स मला एवढं येत न्हाई," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "सॉफ्टवेअरचं दुकान उघडतंय, नुसतं गोल फिरतंय. काहीतरी तुटलंय म्हणतंय आणि परत जैसे थे. तुमी म्हणत असाल तर सगळं उडवतो आणि विंडोज टाकून देतो. त्यातबी बोलणारं असतं म्हणतात, म्या काय बसवलेलं न्हाई कधी, पण बघू."

"उडवतो म्हणजे? माझं लिहिलेलं?"

"ते काढून घ्यायला बघतो. पण खात्री न्हाई देत. डिस्क लई जुनी हाय."

ठकुबाईंचं सगळं बोलणं त्यात होतं. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर होतं खरं, पण पुन्हा लिहायचं तर पुन्हा बोलणारा लॅपटॉपच लागणार. "राहू द्या, दादा," ती म्हणाली, आणि दोघी परतल्या. एसटीत कमळाबाई एकदाच बोलल्या. "त्यो पोरगा म्हनतोय तर करून घ्यावं का?" गायत्रीनं मान हलवली. हो की नाही, ते तिलाच ठरवता येत नव्हतं.

शेफालीचा फोन आला. पुस्तकाच्या प्रकाशनाचा गुंजवण्यात कार्यक्रम होता, त्याची तारीख ठरली होती. ज्यांचं बोलणं पुस्तकात आहे त्या सगळ्यांना बोलावून त्यांच्या हातात ते द्यायचं होतं. छपाईला मजकूर याच आठवड्यात जायला हवा होता. गायत्रीनं सांगितलं, लॅपटॉप बंद पडलाय, शेवटचं थोडं राहिलंय, अर्धं द्यायचं नाही. "बघ, काही होतंय का. मीही विचारते कुणाला," ती म्हणाली. ती चिडली असती तर गायत्रीला बरं वाटलं असतं.

जगन सरांनी जेवणाच्या सुट्टीत वेळ दिला. गायत्रीकडं बटणांचा साधा फोन होता. काचेच्या फोनवर बोट नेमकं कुठं पडतंय ते तिला कधी जमलं नव्हतं. तिनं तो स्पीकरवर ठेवला. कमळाबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. सरांनी सांगितली तशी बटणं दाबून गायत्रीनं टर्मिनल उघडलं आणि बिघाड तपासायचा हुकूम टाकला.

"आई, तुला पाटीवर काय दिसतंय?"

"काळी पाटी हाय. पांढरी अक्षरं. मला इंग्रजी येत न्हाई, बाय."

"नको येऊ दे. शेवटच्या ओळीत पहिलं अक्षर कसं आहे तेवढं सांग."

कमळाबाईंनी पडद्याला डोळे लावले. थोडा वेळ गेला. मग त्यांनी गायत्रीचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि बोटानं त्यावर रेघ ओढली. "अशी उभी काठी. तिला उजवीकडं तीन दांडं."

"ई," गायत्री म्हणाली. "पुढं?"

"दोन टिंबं. मग बैलाची नाल असती ना, उघडं तोंड वर. मग तीच उलटी, लहान."

यू. एन. गायत्रीनं शाळेत डोळ्यांनी पाहिलेली अक्षरं तळहातावर एकेक करून परत येत होती. कमळाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, त्याही मराठीत. त्यांना काही गाळता येत नव्हतं, कारण कुठलं महत्त्वाचं आणि कुठलं नाही, ते त्यांना कळतच नव्हतं. मधेच अडलं की त्या परत पहिल्यापासून काढायच्या. फोनवर सर थांबून होते. एक वाक्य पुरं व्हायला त्यांची निम्मी सुट्टी गेली.

"अनेबल टू करेक्ट प्रॉब्लेम्स," गायत्रीनं जुळवून म्हटलं, "यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस."

"हां!" सर म्हणाले. "म्हणजे दुरुस्त करता येत नाही, तुम्ही मोडकी पॅकेजं धरून ठेवली आहेत."

"मी? मी काय धरून ठेवलंय, सर?"

"तू नाही गं. तशी भाषा आहे त्याची."

"तुला म्हनतंय व्हय ते?" कमळाबाई पडद्याकडं बघत म्हणाल्या. "ह्यानंच मोडायचं, आन् वर तुलाच बोल लावायचा."

सरांनी समजावलं. लिनक्सवर एक सॉफ्टवेअर, म्हणजे पॅकेज, एकटं येत नाही, लग्नाला यावं तसं वऱ्हाड घेऊन येतं. बाहेरून आणलेल्या प्लेअरचं वऱ्हाड आणि बुवाचं वऱ्हाड यांचं जमलं नाही. मग यंत्रानं बुवाला घराबाहेर काढलं.

"पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. त्या यादीत नाव होतं. तू वाय दाबलंस."

बुवानंच ती यादी वाचली होती. स्वतःच्या जाण्याचं नाव त्यानं इतर नावांसारखंच, त्याच सुरात वाचून टाकलं होतं.

आता बाहेरचं ठिकाण तोडायचं आणि जुनं सगळं परत मागवायचं. सर एकेक हुकूम सांगत होते, गायत्री टाइप करत होती. पासवर्ड टाकायची वेळ आली.

"काहीच उमटंना," कमळाबाई घाबरून म्हणाल्या. "टिंबबी न्हाई. मेलं वाटतं."

"मेलं नाही, पासवर्ड टाकताना काही दिसतच नसतं," सर म्हणाले. "टाका तसाच."

गायत्री तीनदा चुकली. कुठलं बटण बसलं, कुठलं नाही, हे सांगायला कुणी नव्हतं. अखेर पाटीवर ओळी धावायला लागल्या आणि थांबल्या. कमळाबाईंनी तळव्यावर काढलं, एक चौकट, चौकटीत बेचकी, तिरकी काठी, छोटी कमान.

वाय की एन.

"दाब वाय," सर म्हणाले.

गायत्रीचं बोट बटणावर होतं, पण दाबवेना. "वर काय काय लिहिलंय ते आधी वाचायचं, सर. कोण जाणार आहे ते."

"अगं, एवढी यादी आईंनी काढायची म्हणजे संध्याकाळ होईल. मला आता आत जावं लागेल."

"तुम्ही जा, सर. आम्ही बघतो."

फोन बंद झाला. मायलेकी बसल्या. कमळाबाईंचे डोळे दुखायला लागले होते. त्या मधेच उठून पाणी मारून आल्या, पदरानं तोंड पुसलं, परत बसल्या. एकदा त्यांची ओळ चुकली आणि मघाचंच नाव पुन्हा काढायला लागल्या, तेव्हा गायत्री खेकसली, "आई, नीट बघ ना!" कमळाबाईंनी हात सोडला नाही, पण बोट थांबलं.

"बघतीय गं," त्या हळू म्हणाल्या. "मला काय कळतंय का त्यातलं? तू सांगितलंस म्हनून काढतीय."

गायत्रीनं तळवा आणखी उघडून पुढं केला. जाणाऱ्यांच्या यादीत प्लेअर होता, त्याचे सोबती होते. बुवाचं नाव येणाऱ्यांत होतं. तिनं ते दोनदा काढून घेतलं. मग वाय दाबलं.

बाहेर गाड्यांचा आवाज चालू होता. कितीतरी वेळ गेला. लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडला, आणि नाकातला आवाज आला. कमळाबाई मोठ्यांदा हसल्या.

पण बुवा इंग्रजी बोलत होता. गायत्रीनं ठकुबाईंची फाइल उघडली, तर शब्द वाचायच्या ऐवजी तो एकेका अक्षराचं इंग्रजीत नाव घेत सुटला, देवनागरी लेटर अमुक, देवनागरी लेटर तमुक. मराठी आवाजाचं वऱ्हाड वेगळं होतं, ते आलंच नव्हतं. गायत्रीनं टेबलावर डोकं टेकलं.

मराठी परत आणायला रविवार उजाडला. सरांनी घरून सवड काढली तेव्हा ते झालं. राहिलेलं बोलणं तिनं जुन्या साध्या प्लेअरवर, मागे-पुढे करत, पुरं केलं आणि पाठवलं.

शेफालीचा फोन आला. "गायत्री, पुस्तक शुक्रवारीच छापायला गेलं. मी खूप थांबवलं होतं. ठकुबाईंचं नाही घेता आलं." मग म्हणाली, "पुढची आवृत्ती निघाली तर नक्की घेऊ."

कार्यक्रमाला गायत्री गेली नाही. पण ठकुबाई गेल्या होत्या, नवं लुगडं नेसून, हे शेफालीनं सांगितलं. सगळ्यांना पुस्तकं मिळाली, त्यांनाही एक दिलं. नातवानं पानं उलटून बघितली आणि सांगितलं, आजी, तुझं न्हाई यात. हे ऐकल्यावर गायत्रीला घरात बसवेना. पुढच्या आठवड्यात ती आईला घेऊन निघाली. नसरापूरला उतरून पुढं टेम्पोनं गुंजवण्याला. लॅपटॉप मांडीवर घेतला होता.

ठकुबाई ओसरीवर शेंगा निवडत होत्या. कोण आलंय ते कळल्यावर त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पाणी दिलं. गायत्रीनं घडलं ते सगळं सांगितलं. प्लेअर, यादी, वाय. म्हातारीला त्यातलं किती समजलं कोण जाणे. ती शेंगा निवडतच राहिली.

"म्हंजी तुज्या त्या यंत्राची वाचा गेली, म्हनून माजं बोलनं ऱ्हायलं?"

"व्हय, आजी."

"आता बोलतंय का ते?"

"बोलतंय."

"मग ऐकीव."

गायत्रीनं फाइल उघडली. बुवा वाचू लागला. 'ताईचं', 'वरलं', 'नवरीचं'. कुठं दम घेतला होता, कुठं गप्प झाल्या होत्या, ते गायत्रीनं लिहिलं होतं. बुवानं तेही शब्दच समजून वाचलं. "खोकतात", तो सपाटपणे म्हणाला आणि पुढं गेला. ठकुबाईंचा हात सुपात थांबला. पावसाळ्यात बांध फुटला आणि नवऱ्यानं रात्रभर पाठ लावून तो धरला, तिथपर्यंत त्यांनी ऐकलं.

"पुरं," त्या म्हणाल्या.

गायत्रीनं आवाज थांबवला.

"माजंच हाय. खोटं न्हाई त्यात काय," ठकुबाई म्हणाल्या. "पर हे असं कोनी बोलत न्हाई, बाय. कागदावर असतं तर नातवानं वाचलं असतं. घरातला आवाज असता." त्या उठल्या, सूप आत नेलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. कमळाबाईंनी गायत्रीच्या दंडाला धरलं. "चल. गाडी जाईल."

गायत्री अजून टाइपिंगचं काम करते. शेफालीकडून काम कमी येतं, दुसरीकडून थोडं येतं. चांगला प्लेअर तिनं परत बसवला नाही. दर काही दिवसांनी बुवा मधेच बोलणं थांबवून सांगतो, अपडेट उपलब्ध आहेत. तेव्हा तिची बोटं बटणांवरून आपोआप उचलली जातात. जगन सर म्हणतात, असं टाळू नये, जुनं राहणंही धोक्याचं असतं. तिला ते पटतं. मग कोण येणार, कोण जाणार ते अक्षर न् अक्षर तपासायला ती आईला हाक मारते आणि तळवा पुढं करते. कमळाबाईंना आता बरीचशी अक्षरं ओळखू येतात, पण नावं त्या घेत नाहीत, नाल, काठी, बेचकी असंच म्हणतात. कधी शाळेतून दमून आलेल्या असतात. मग म्हणतात, "आज नगं गं. उद्या बघू." आणि गायत्री अपडेटचा तो प्रश्न उत्तर न देता बंद करून टाकते.